७६ दिवसांचा विक्रम आणि ५४ मृत्यू : 'मार्को पोलो'चा कप्तान 'बुली' फोर्ब्स कोण होता?

२६ डिसेंबर १८५२. नाताळचा दुसरा दिवस. इंग्लंडमधील लिव्हरपूल बंदरात एक जहाज शिरले. मालक जेम्स बेन्स यांना कोणीतरी निरोप दिला, तुमचे 'मार्को पोलो' परत आले. बेन्स यांचा त्यावर विश्वासच बसला नाही, असे सांगतात. ४ जुलैला ऑस्ट्रेलियाला गेलेले जहाज इतक्यात मेलबर्नला पोहोचले असेल की नाही याचीच त्यांना शंका होती. प्रत्यक्षात ते मेलबर्नला जाऊन, प्रवासी उतरवून, पृथ्वीला पूर्ण फेरी मारून घरी आले होते. तेही सहा महिन्यांच्या आत.

जहाजाच्या दोन डोलकाठ्यांच्या मध्ये एक मोठे कापड फडकत होते. हे जगातील सर्वांत वेगवान जहाज आहे, असा दावा त्यावर रंगवलेला होता. या एका फेरीने कप्तान जेम्स निकोल फोर्ब्स रातोरात प्रसिद्ध झाला. मात्र त्याच जहाजावर मेलबर्नला जाताना ५४ जणांचा मृत्यू झाला होता आणि त्यापैकी ५२ लहान मुले होती. त्या कापडावर याचा उल्लेख नव्हता.

हा कप्तान कोण होता, त्याचे खलाशी कोण होते आणि या विक्रमाची किंमत कोणी मोजली, ते समजून घेऊ.

फोर्ब्स कोण होता?

जेम्स निकोल फोर्ब्सचा जन्म १८२१ मध्ये स्कॉटलंडमधील अ‍ॅबर्डीन येथे झाला. १८३९ मध्ये, म्हणजे साधारण अठराव्या वर्षी, तो नशीब काढायला लिव्हरपूलला आला. त्या वेळी त्याच्या खिशात दमडी नव्हती असे म्हणतात. लिव्हरपूल तेव्हा जगातील सर्वांत गजबजलेल्या बंदरांपैकी एक होते. कापूस, लाकूड आणि परदेशी निघालेली माणसे, सगळे तिथून जात असे.

फोर्ब्स खलाशी म्हणून शिकत शिकत कप्तानपदापर्यंत पोहोचला. साधी, मंद म्हणून ओळखली जाणारी जहाजेही तो झटपट नेतो, असे त्याचे नाव झाले. 'बुली' म्हणजे दांडगाई करणारा. हे टोपणनाव त्याला त्याच्या स्वभावामुळे पडले. तो धाडसी होता, तापट होता आणि बढाईखोरही होता. वारा कितीही चढला तरी शिडे उतरवायची नाहीत, हा त्याचा खाक्या होता. घाबरलेल्या खलाशांनी शिडांचे दोर सोडू नयेत म्हणून तो दोरांना कुलुपे लावून हातात पिस्तूल घेऊन उभा राहायचा, अशा आख्यायिका त्याच्याविषयी पसरल्या. त्यात तथ्य किती हा वेगळा प्रश्न. पण लोकांना त्या खऱ्या वाटत, यावरून त्याचा दरारा लक्षात येतो.

इतकी घाई कशासाठी होती?

१८५१ मध्ये ऑस्ट्रेलियातील व्हिक्टोरिया वसाहतीत सोने सापडले. बॅलराट आणि आसपासच्या भागात लोक फावडी-कुदळी घेऊन धावले. त्या वर्षी व्हिक्टोरियाची लोकसंख्या सुमारे ७७ हजार होती. दहा वर्षांत ती साधारण ५ लाख ४० हजारांवर गेली. ही माणसे बहुतांशी समुद्रमार्गे आली.

ब्रिटनहून ऑस्ट्रेलियाला शिडाच्या जहाजाने जायला तेव्हा साधारण १०० ते १२० दिवस लागत. सोने शोधायला निघालेल्या माणसाला प्रत्येक दिवस महत्त्वाचा वाटत होता. त्यामुळे जो कप्तान कमी दिवसांत पोहोचवील, त्याच्या कंपनीची तिकिटे आधी खपणार हे उघड होते. जेम्स बेन्स यांनी हे ओळखले. त्यांनी 'ब्लॅक बॉल लाइन' ही कंपनी उभी केली आणि 'मार्को पोलो' विकत घेऊन फोर्ब्सच्या हाती दिले.

जहाज कसे होते?

'मार्को पोलो' कॅनडातील न्यू ब्रन्सविक प्रांतात, सेंट जॉन येथे १८५१ मध्ये बांधले गेले. मुळात ते प्रवासी जहाज नव्हतेच. लाकूड आणि कापूस वाहण्यासाठी केलेले ते मोठ्या पोटाचे, तीन डेकचे, तीन डोलकाठ्यांचे जहाज होते. पाण्यात उतरवतानाच ते चिखलात रुतले होते. बेन्स यांनी ते घेतल्यावर आत प्रवाशांसाठी सोयी केल्या.

जहाजाची लांबी १८४ फूट, म्हणजे सुमारे ५६ मीटर होती. मुंबईच्या लोकलचे तीन डबे एकामागे एक जोडले तर त्यांची लांबी याहून थोडी जास्तच भरेल. रुंदी साधारण ११ मीटर. एवढ्या जागेत ९३० प्रवासी, खलाशी, सगळ्यांचे दोन-अडीच महिन्यांचे पाणी, धान्य, खारवलेले मांस आणि सामानसुमान होते.

प्रवाशांपैकी बहुतेक जण सरकारी मदतीने निघालेले स्थलांतरित होते. अशा जहाजांवर बसण्या-झोपण्याची ठरलेली रचना असे. अविवाहित पुरुष पुढच्या भागात, कुटुंबे मध्ये आणि अविवाहित स्त्रिया मागच्या भागात. झोपायला लाकडी फळ्यांचे एकावर एक माचे. उजेड आणि हवा प्रामुख्याने वरच्या झडपांतून येई. वादळ झाले की त्या झडपा बंद कराव्या लागत.

खलाशी किती होते आणि ते काय करत?

पहिल्या फेरीला जहाजावर ६० खलाशी होते, पण त्यातले ३० जणच पगारी होते. उरलेले ३० जण ऑस्ट्रेलियापर्यंतच्या फुकट प्रवासाच्या बदल्यात राबत होते. त्यांना मेलबर्नला पोहोचायचे होते, परत यायचे नव्हते. ही गोष्ट लक्षात ठेवा, पुढे तिचा संबंध येणार आहे.

शिडाच्या मोठ्या जहाजावर कामाची उतरंड साधारण अशी असे :

• कप्तान : मार्ग, वेग आणि शिस्त याबाबत शेवटचा शब्द त्याचा.

• मेट : कप्तानाचे सहायक अधिकारी. 'मार्को पोलो'चा पहिला मेट चार्ल्स मॅकडॉनेल होता. पुढे तोच या जहाजाचा कप्तान झाला.

• बोसन : आपल्याकडच्या जहाजांवर ज्याला सारंग म्हणत, तसा खलाशांचा मुकादम.

• सुतार आणि शिडे शिवणारा : मोडतोड दुरुस्त करणारे कारागीर.

• आचारी, अनुभवी खलाशी, शिकाऊ खलाशी आणि पोरे.

• डॉक्टर : प्रवाशांच्या आरोग्याची जबाबदारी त्याच्यावर.

खलाशांच्या दोन तुकड्या केलेल्या असत. एक तुकडी चार तास कामावर, दुसरी विश्रांतीला. चार तासांनी अदलाबदल. म्हणजे सलग आठ तास झोप दोन महिन्यांत एकदाही नाही. वादळ आले की दोन्ही तुकड्या वर. रात्री, पावसात, हलत्या डोलकाठीवर चढून ओले, जड शीड हातांनी गुंडाळायचे. वरून पाय घसरला तर माणूस डेकवर आदळे किंवा समुद्रात पडे. पूर्ण वेगात असलेले जहाज वळवून त्याला वाचवणे बहुतेक वेळा शक्यच नसे.

कप्तान शिडे उतरवायला नकार देई, तेव्हा या माणसांचा धोका वाढत असे. वाऱ्याचा जोर जितका अधिक, तितके शेवटच्या क्षणी शीड आवरणे अवघड.

७६ दिवसांत पोहोचणे कसे शक्य झाले?

फक्त धाडसाने नाही, त्यामागे गणितही होते.

मुंबईहून न्यूयॉर्कला जाणारे विमान समोरच्या पडद्यावर उत्तरेकडे वाकून जाताना दिसते. नकाशा सपाट असतो, पृथ्वी गोल आहे. गोलावरचा सर्वांत जवळचा रस्ता सपाट नकाशावर वाकडा दिसतो. लिव्हरपूलमध्ये काम करणाऱ्या जॉन थॉमस टाउसन यांनी हेच तत्त्व जहाजांसाठी कोष्टकांत मांडले होते. त्याच काळात अमेरिकी नौदलातील मॅथ्यू मॉरी यांनी शेकडो जहाजांच्या नोंदींवरून वारे आणि प्रवाहांचे नकाशे तयार केले होते.

या ज्ञानाचा अर्थ असा होता की, आफ्रिकेच्या दक्षिण टोकाजवळून जाण्याऐवजी अटलांटिकमधून खूप खाली, दक्षिणेकडे उतरायचे. ४० अंश दक्षिण अक्षांशाच्या खाली पश्चिमेकडून पूर्वेकडे सतत जोरदार वारे वाहतात. वाटेत अडवणारी जमीन जवळपास नाही. त्या वाऱ्यांवर स्वार झाले की जहाज थेट ऑस्ट्रेलियाकडे ढकलले जाते. परत येतानाही तेच वारे पकडून पूर्वेकडेच जायचे, दक्षिण अमेरिकेच्या केप हॉर्नला वळसा घालून. त्यामुळेच 'मार्को पोलो'ची पृथ्वीप्रदक्षिणा झाली.

या रस्त्याचा तोटा म्हणजे कडाक्याची थंडी, डोंगराएवढ्या लाटा आणि हिमनगांची भीती. रस्ता जितका जवळचा, तितका तो प्रवाशांना आणि खलाशांना सोसायला कठीण.

१८ सप्टेंबर १८५२ रोजी, ७६ दिवसांचा प्रवास करून जहाज मेलबर्नच्या उपसागराच्या तोंडाशी पोहोचले. 'ऑस्ट्रेलिया' नावाच्या वाफेच्या जहाजालाही त्याने सुमारे आठवड्याने मागे टाकले.

मग ५२ मुले कशाने दगावली?

मुख्य कारण होते गोवर.

गोवर हा माणसांना होणाऱ्या सर्वांत संसर्गजन्य आजारांपैकी एक आहे. प्रतिकारशक्ती नसलेल्या समूहात एक रुग्ण सरासरी १२ ते १८ जणांना तो देऊ शकतो. लागण झाल्यापासून लक्षणे दिसेपर्यंत साधारण दहा दिवस जातात. म्हणजे बंदरात तपासणीच्या वेळी निरोगी दिसलेले मूल जहाज खोल समुद्रात गेल्यावर आजारी पडू शकते. गोवराची लस यायला तेव्हा शंभराहून अधिक वर्षे बाकी होती, ती आली १९६३ मध्ये.

बंद हवा, एकमेकांना खेटून असलेले माचे, ओले कपडे, लहान मुलांना न मानवणारे खारे अन्न. अशा ठिकाणी एका मुलाला गोवर झाला की तो थांबवण्याचा मार्गच नव्हता. त्या प्रवासात दोन प्रौढ आणि ५२ मुले दगावली. ९३० प्रवाशांमध्ये ५४, म्हणजे दर १७ जणांमागे एक.

समुद्रात मृत्यू झाला की देह कापडात शिवून, पायाशी वजन बांधून पाण्यात सोडण्याची रीत होती. हे शिवणकाम सहसा शिडे शिवणाऱ्या कारागिराकडे असे. विक्रम करणारी शिडे दुरुस्त करायची आणि मुलांची कफनेही शिवायची, दोन्ही कामे त्याच सुई-दोऱ्याची.

इथे एक गोष्ट स्पष्ट करायला हवी. ही मुले वेगामुळे मेली असे म्हणता येणार नाही. उलट प्रवास १२० दिवसांचा असता तर कदाचित आणखी मृत्यू झाले असते. दोष होता तो गर्दीचा. एका जहाजात जास्तीत जास्त माणसे भरली की माणशी खर्च कमी होत होता. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये निघालेल्या 'टिकोंडेरोगा' या दुसऱ्या मोठ्या जहाजावर सुमारे ८०० प्रवाशांपैकी १०० जण समुद्रातच दगावले, मुख्यतः टायफस तापाने. त्यानंतर प्रवाशांना दोन-दोन मजल्यांवर कोंबणाऱ्या जहाजांबद्दल गंभीर प्रश्न उभे राहिले.

सरकारी मदतीच्या जहाजांवर डॉक्टरचा मोबदला किती माणसे जिवंत उतरली यावर ठरत असे. म्हणजे सरकारी वहीत माणसांची मोजणी होत होती. बंदरातल्या गप्पांत आणि जाहिरातींत मात्र फक्त दिवस मोजले जात.

खलाशांना तुरुंगात का टाकले?

मेलबर्नला पोहोचल्यावर फोर्ब्सपुढे वेगळीच अडचण होती. तिथे उतरलेले खलाशी जहाज सोडून सोन्याच्या खाणींकडे पळत होते. खलाशी नाहीत म्हणून अनेक जहाजे बंदरात नुसती उभी होती. फुकट प्रवासावर आलेले ३० जण तर उतरणारच होते. उरलेल्यांना कसे धरून ठेवायचे?

फोर्ब्सने सांगितला जाणारा उपाय सरळ होता. त्याने आपल्याच खलाशांवर शिस्तभंगाचा आरोप ठेवला आणि त्यांना तुरुंगात पाठवले. जहाज निघायच्या वेळी ते थेट तुरुंगातून डेकवर आले. ११ ऑक्टोबरला 'मार्को पोलो'ने नांगर उचलला आणि ७६ दिवसांत ते लिव्हरपूलला पोहोचले.

हा किस्सा फोर्ब्सच्या चतुराईचा नमुना म्हणून आजवर रंगवून सांगितला जातो. खलाशांच्या बाजूने पाहिले तर चित्र वेगळे दिसते. ज्यांनी ७६ दिवस झोप मोडून विक्रम घडवला, त्यांना बक्षीस म्हणून कोठडी मिळाली. फोर्ब्सचे नाव इतिहासात राहिले. त्या ६० जणांपैकी बहुतेकांची नावे आज कोणाला ठाऊक नाहीत.

त्यानंतर काय झाले?

१८५३ मध्ये फोर्ब्सने 'मार्को पोलो'ची दुसरी फेरी केली. मग बेन्स यांनी अमेरिकेतील बोस्टनच्या डोनाल्ड मॅके या नामवंत जहाजबांधणीकाराकडून 'लाइटनिंग' हे नवे जहाज बांधून घेतले. फोर्ब्स त्याचा कप्तान झाला.

१ मार्च १८५४ रोजी, बोस्टनहून लिव्हरपूलला येताना, 'लाइटनिंग'ने एका दिवसात ४३६ सागरी मैल कापल्याची नोंद झाली. म्हणजे सुमारे ८०७ किलोमीटर. सरासरी वेग ताशी ३३ किलोमीटरहून अधिक. इंजिन नाही, इंधन नाही, फक्त वारा आणि कापड. त्याच वर्षी मेलबर्नहून लिव्हरपूलला ते सुमारे ६४ दिवसांत परतले. जहाजात साधारण दहा लाख पौंडांचे सोने होते.

फोर्ब्स आता कीर्तीच्या शिखरावर होता. वय फक्त ३३.

'शोम्बर्ग' का बुडाले?

१८५५ मध्ये बेन्स यांनी अ‍ॅबर्डीनमध्ये 'शोम्बर्ग' बांधून घेतले. म्हणजे फोर्ब्सच्याच गावात. हे जहाज ६० दिवसांत मेलबर्न गाठणार, अशी जाहिरातच केली गेली. ६ ऑक्टोबर १८५५ रोजी ते सुमारे ४३० प्रवासी आणि रेल्वेसाठीचे अवजड लोखंड घेऊन निघाले.

वारा साथ देईना. ६० दिवस उलटून गेले तरी जमीन दिसली नाही. २६ डिसेंबरच्या रात्री जहाज व्हिक्टोरियाच्या किनाऱ्याजवळ होते. वारा पडला होता आणि प्रवाह जहाजाला किनाऱ्याकडे ओढत होता. वेळेवर वळवण्याचे प्रयत्न फसले आणि आजच्या पीटरबरो गावाजवळ ते वाळूत रुतले.

सुदैवाने दुसऱ्या दिवशी सकाळी 'क्वीन' नावाची आगबोट तिथून जात होती. तिने प्रवाशांना उचलले. एकही जीव गेला नाही. जहाज मात्र लाटांनी मोडून पडले.

मेलबर्नमध्ये संतप्त प्रवाशांनी सभा घेतली. धोका असताना फोर्ब्स खाली पत्ते खेळत बसला होता, त्याचे वागणे बेपर्वाईचे होते, असे आरोप झाले. प्रकरण न्यायालयात गेले. पुराव्याअभावी तो सुटला. पण ज्या वेगाच्या दाव्यावर त्याचे नाव उभे होते, तोच दावा त्याच्यावर उलटला होता. 'लाइटनिंग'च्या विक्रमानंतर वर्ष-सव्वा वर्षातच त्याची घसरण सुरू झाली.

१८५७ मध्ये त्याला 'हेस्टिंग्ज' हे जहाज मिळाले. १८५९ मध्ये तेही बुडाले. त्यानंतर त्याला पूर्वीचे स्थान कधीच मिळाले नाही. १८७४ मध्ये, वयाच्या ५२ व्या वर्षी, लिव्हरपूलमध्ये त्याचा मृत्यू झाला. त्याच्या थडग्यावर त्याची ओळख 'मार्को पोलो'चा कप्तान अशीच कोरलेली आहे.

या जहाजांचा भारताशी काय संबंध?

थेट संबंध आहे. १८५७ च्या उठावाच्या वेळी ब्रिटिश सरकारने सैन्य तातडीने कलकत्त्याला पाठवण्यासाठी 'ब्लॅक बॉल लाइन'ची वेगवान जहाजे भाड्याने घेतली. त्यात फोर्ब्सने गाजवलेले 'लाइटनिंग' होते. तेव्हा त्याचा कप्तान दुसरा होता. स्थलांतरितांसाठी कमावलेला वेग असा साम्राज्याच्या कामी आला.

दुसरा धागा आपल्या अधिक जवळचा आहे. याच शतकात कलकत्ता, मद्रास आणि मुंबई बंदरांतून हजारो भारतीय मजूर करारावर मॉरिशसला गेले. त्यात कोकणातील मराठी माणसेही होती. मॉरिशसमधील मराठी समाज त्यांचाच वारसा सांगतो. त्या जहाजांवरही हीच गर्दी होती, हेच आजार होते.

'मार्को पोलो'चे शेवटी काय झाले?

जहाज म्हातारे झाल्यावर पुन्हा लाकूड वाहू लागले, ज्या कामासाठी ते बांधले होते तेच. जुलै १८८३ मध्ये, गळती आवरेना म्हणून ते कॅनडातील प्रिन्स एडवर्ड बेटावर कॅव्हेंडिशच्या किनाऱ्यावर चढवण्यात आले आणि तिथेच मोडले. त्या गावात राहणारी आठ वर्षांची ल्युसी मॉड माँटगोमेरी पुढे जगप्रसिद्ध लेखिका झाली. या जहाजाच्या शेवटावर तिने लहान वयातच निबंध लिहिला.

आज 'मार्को पोलो' शोधले तर पहिल्यांदा त्याचा विक्रमी वेग दिसतो. तो खरा आहे आणि त्यामागची दर्यावर्दी कर्तबगारीही खरी आहे. पण त्याच प्रवासाचे आणखी दोन आकडे तितकेच खरे आहेत. ६० खलाशी, ज्यांच्या हातांनी हा विक्रम घडला. आणि ५२ मुले, ज्यांना ऑस्ट्रेलिया दिसलाच नाही.